पव्वा म्हणजे एक नव्हे, सहा

पत्र

ताई, नमस्कार. माझं वय ३६. राळेगावकडे आमचं गाव. चार एकर वावर आहे आणि गावात कृषी केंद्र. मी बेवडा नाही. सकाळी सहाला उठतो, दुकान वेळेवर उघडतो, उधारी-वसुली सगळी माझ्याकडेच. पण संध्याकाळी शटर पाडलं की पाय तिकडेच वळतात. आठवड्यातून चार-पाच दिवस पव्वा होतो, इंग्लिश. बाकी दिवस काहीच नाही. यंदा करीच्या दिवशी दुपारीच बसलो. पोराला तान्ह्या पोळ्यात नेईन म्हणून कबूल केलं होतं. लाकडी बैल सजवून तो दारात वाट पाहत बसला, शेवटी त्याचा काका त्याला घेऊन गेला. मी झोपलो होतो. त्या रात्री फोनवर दहा प्रश्नांची एक चाचणी सोडवली. १७ गुण आले. खाली इंग्रजीत दारू कमी करायचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन कार्यक्रम होता, फुकट. बायको म्हणते व्यसनमुक्ती केंद्रात जा. तिथं गेलो तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. फोनवर होते का हे काम? का नुसता टाइमपास आहे?

— एक कृषी केंद्रवाला


भाऊ,

फोनवर होतं. सगळ्यांचं होत नाही, आणि ज्यांचं होतं त्यांचंही पूर्ण होतंच असं नाही. पण तुमच्यासारख्या माणसाला त्याचा उपयोग आहे. मात्र त्या कार्यक्रमात नाव घालण्याआधी ती चाचणी पुन्हा एकदा सोडवा. मला वाटतं तुमचे गुण कमी लागलेत.

त्या चाचणीला ‘ऑडिट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने ती तयार करून घेतली, दहा प्रश्न, एकूण ४० गुण. ८ किंवा त्याहून जास्त आले की पिणं धोक्याचं समजतात. १६ ते १९ मध्ये नुसता सल्ला पुरत नाही, कुणीतरी बसून बोलावं लागतं आणि पुढे लक्ष ठेवावं लागतं. २० किंवा त्याच्या पुढे गेलं की डॉक्टरने तपासून अवलंबित्व आहे का ते पाहावं, असं तिचं सांगणं आहे.

आता दुसरा प्रश्न आठवा: पिता त्या दिवशी साधारण किती ड्रिंक घेता? तुम्ही काय भरलं? पव्वा म्हणजे ‘एक’ भरला असेल, किंवा मोठे पेग धरून ‘तीन’. चाचणीतलं एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचे ३० मिली घेतले की तेवढं होतं. पव्वा १८० मिलीचा, म्हणजे सहा ड्रिंक. तिसरा प्रश्न तर नेमका हाच आहे, की एका बैठकीत सहा किंवा जास्त किती वेळा होतात? तुम्ही बहुधा करीचा दिवस आठवून ‘क्वचित’ किंवा ‘महिन्यातून एकदा’ लिहिलं असेल. खरं उत्तर ‘दर आठवड्याला’ किंवा त्याहूनही वरचं आहे. दुसऱ्या प्रश्नात एक गुण वाढला, तिसऱ्यात दोन वाढले, की १७ चे २० झाले. पायरी बदलली.

यात तुमची लबाडी नाही. तुमच्या दुकानातला माणूस औषधाची बाटली घेऊन जातो तेव्हा पंपाला किती मिली हे तुम्ही त्याला टोपणाने मोजून दाखवता. पव्व्याचं माप मात्र आपल्याला कुणी कधी दाखवलेलं नाही. सगळेच ‘एक पव्वा’ म्हणतात आणि तो एकच वाटत राहतो. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटलीही तशीच फसवी आहे. ८ टक्क्यांची असेल तर तिच्यात चार ड्रिंक भरतात. मोहाच्या दारूचं तर मापच लागत नाही, कारण प्रत्येक खेपेची ताकद वेगळी आणि बाटलीवर चिठ्ठी नाही. ती पिणाऱ्याने ग्लास मोजून हिशेब लावूच नये.

आणखी एक. इंग्लंडमधल्या कार्यक्रमात ‘युनिट’ ८ ग्रॅमचं असतं, अमेरिकेतल्या कार्यक्रमात ‘ड्रिंक’ १४ ग्रॅमचं. म्हणजे तुमचा तोच पव्वा एका ठिकाणी पावणेआठ दिसेल आणि दुसऱ्या ठिकाणी सव्वाचार. तुमच्या कार्यक्रमात सुरुवातीलाच हे माप दिलेलं असेल, ते वहीत लिहून घ्या. नाहीतर दोन महिने प्रामाणिकपणे आकडे भराल आणि सगळे चुकीचे असतील.

मग पुन्हा चाचणी सोडवा. २० च्या आत आलात तर फोनपासून सुरुवात करायला हरकत नाही. २० किंवा वर आलात तरी फोन सोडू नका, पण त्याच्या जोडीला एकदा डॉक्टरला भेटा. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. मालाच्या कामाने तुम्ही यवतमाळला जातच असाल. त्याच फेरीत सकाळची ओपीडी होते.

त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मात्र आजच स्वतःला द्या. ज्या दोन-तीन दिवशी तुम्ही पीत नाही, त्या दिवशी सकाळी काय होतं? हात थरथरतात? घाम फुटतो, मळमळ होते, झोप अजिबात लागत नाही? एक घोट घेतल्याशिवाय चहाचा कप धरता येत नाही? तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. पण यातलं काहीही असेल तर फोन बाजूला ठेवा आणि एकदम दारू बंद करू नका, आधी डॉक्टर गाठा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन जीवावर बेतू शकतं.

हे मी घरात पाहिलं आहे. माझ्या मोठ्या काकांना घरच्यांनी मागच्या खोलीत कोंडून घातलं होतं. सगळ्यांनी चांगल्या मनानेच केलं. तिसऱ्या दिवशी काका भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागले. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. अंगात ताप, थरथर, कुणाला ओळखेनात. आजी म्हणाली बाहेरचं काही लागलं, आणि मांत्रिकाला आणण्यात अर्धा दिवस गेला. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी सलाईनमधून जीवनसत्त्व दिलं, झटके थांबवणाऱ्या गोळ्या सुरू केल्या आणि चार दिवसांत काका भानावर आले. इतकं साधं होतं ते. म्हणून कुणीही ‘एकदम सोड’ म्हटलं की मी आधी सकाळच्या हातांबद्दल विचारते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते.

या ऑनलाइन कार्यक्रमांवर बराच अभ्यास झालाय. कॉक्रेन नावाची एक संस्था जगभरातल्या चाचण्या गोळा करून त्यांचा एकत्रित हिशेब मांडते. २०१७ साली त्यांनी अशा ५७ अभ्यासांचा हिशेब मांडला, त्यांत ३४ हजारांवर माणसं होती. फोन किंवा संगणकावरचा असा कार्यक्रम वापरणारे, न वापरणाऱ्यांपेक्षा आठवड्याला सरासरी २३ ग्रॅम अल्कोहोल कमी प्याले. म्हणजे दोन लहान पेगांहून थोडं जास्त. तुमच्या मापात सांगायचं तर आठवड्याला पव्व्याचा तिसरा हिस्सा आणि वर थोडी. तुम्ही पाच दिवस पव्वा घेत असाल तर आठवड्याचे ३० ड्रिंक होतात, त्यातले दोन-अडीच गेले. ही सरासरी आहे. कुणाची याहून पुष्कळ कमी झाली, कुणाची जराही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने बेलारूस, ब्राझील, मेक्सिको आणि आपल्या भारतातही असाच एक कार्यक्रम तपासून पाहिला. सहा आठवड्यांनी वापरणाऱ्यांचं पिणं कार्यक्रम नंतर मिळणार म्हणून थांबवलेल्या गटापेक्षा कमी झालेलं दिसलं. पण त्यात आलेले बहुतेक लोक चांगले शिकलेले होते. आणि अशा सगळ्याच कार्यक्रमांत अर्ध्यावर सोडून जाणारे खूप असतात. पहिल्या आठवड्यात उत्साह असतो, तिसऱ्या आठवड्यात फोन वाजतो आणि माणूस बोटाने ती सूचना बाजूला सारतो.

तरी मी तुम्हाला करा म्हणते, याला कारण आहे. आपल्याकडे दारूच्या बाबतीत माणसाला दोनच नावं आहेत. ‘तो पीत नाही’ आणि ‘तो बेवडा आहे’. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. या सगळ्या काळात गावोगावी भांडणं झाली, बायका मोर्चे घेऊन निघाल्या, ते योग्यच होतं. पण दुकान वेळेवर उघडणारा, कुणाला शिवी न देणारा आणि आठवड्याला तीस ड्रिंक घेणारा माणूस त्या दोन नावांत कुठेच बसत नाही. त्याला स्वतःलाही वाटतं, मी तर त्यातला नाही. तुमच्या पत्राच्या सुरुवातीलाच ‘मी बेवडा नाही’ असं वाक्य आहे. मी मानते, तुम्ही नाही. पण तुमचं पिणं धोक्याचं आहे, आणि या कार्यक्रमांचं मोठेपण एवढंच की ते नेमके या मधल्या माणसाशी बोलतात. त्याला कुठलंही नाव न देता विचारतात: किती, कधी, कुणाबरोबर, कशानंतर?

कार्यक्रमात असतं ते असं. पहिले काही दिवस फक्त नोंद करायला सांगतात. कमी करू नका, नुसतं लिहा. नोंद करण्यानेच काही लोकांचं थोडं कमी होतं. मग तुम्ही मर्यादा ठरवता: आठवड्यात न पिण्याचे किती दिवस, आणि पिण्याच्या दिवशी जास्तीत जास्त किती. मग पिणं कशाने सुरू होतं ते शोधतात. तुमच्या बाबतीत ते शोधायला अॅप नको, तुम्हीच लिहिलंय: शटर. शटर पडण्याच्या आवाजाला आणि त्या रस्त्याला तुमचं शरीर सवयीने उत्तर देतं. म्हणून अॅपची आठवणीची सूचना रात्री नऊची ठेवू नका, तोवर पव्वा पोटात असतो. दुकान बंद करण्याच्या अर्धा तास आधीची ठेवा. चार वाजता भूक लागत असेल तर दुकानातच भाकर खा. रिकाम्या पोटी दारूची ओढ जास्त लागते. पोराला संध्याकाळी दुकानात बोलवा, शटर त्याला ओढू द्या आणि दोघं मिळून घरी जा. गल्ला त्याच्या आईकडे द्या. तलफ आली की ती वाढतच जाईल असं वाटतं, पण बहुतेकदा अर्ध्या तासात ती उतरते. त्या अर्ध्या तासाला तुम्ही कुठे आहात, यावर सगळं ठरतं.

‘नाही’ म्हणण्याचाही सराव करायला सांगतात. इंग्रजी कार्यक्रमातली वाक्यं आपल्याकडे चालणार नाहीत. ‘आज नाही गा’ एवढंच म्हणा आणि विषय वावरावर न्या. कारण सांगायला लागलात की समोरचा त्या कारणाला उत्तर शोधतो. कंपन्यांच्या डीलर मीटला मात्र पहिले दोन महिने जाऊच नका, किंवा जेवण सुरू होण्याआधी निघा. तिथे भरलेला ग्लास हातात दिला जातो आणि तो कुणी मोजत नाही.

पव्व्याऐवजी निप घेऊन कमी करायचा विचार तुमच्या मनात येईल. ९० मिली, तीन ड्रिंक. चांगला विचार आहे, पण दुसरी निप आणायला उठलात तर वहीत सहा लिहा. कार्यक्रम इंग्रजीत आहे, नेटवर्क जातं, फोन पोर गेमसाठी घेतं, म्हणून मी वही म्हणते. तुमच्या दुकानात उधारीची वही आहेच. गावातल्या कुणाकडे किती बाकी हे तुम्हाला न पाहता सांगता येतं. तशीच एक लहान वही स्वतःची करा. फोनमध्ये शिका, वहीत लिहा. एखाद्या दिवशी मर्यादा मोडली तर तो आकडाही तसाच लिहा. मोडलेल्या दिवसानंतर ‘आता काय उरलं’ म्हणून सगळं सोडून देणारेच जास्त मागे जातात.

किती कमी करायचं, हेही तुम्ही विचाराल. आरोग्याच्या दृष्टीने दारूचं सुरक्षित असं माप नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. पूर्ण सोडलीत तर सगळ्यात चांगलं. पण पूर्ण सोडायची तयारी नाही म्हणून काहीच करायचं नाही, हे मला पटत नाही. तीसवरून दहावर आलात तर तुमच्या यकृताला, खिशाला आणि पोराला त्याचा फरक कळेल. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटांचे लोक, पूर्ण बंदच करायला सांगतात, आणि ज्याला एक घोट घेतला की थांबताच येत नाही त्याच्यासाठी त्यांचंच बरोबर आहे. तुम्ही कोणत्या बाजूचे, हे सहा-आठ आठवड्यांची वही सांगेल. ठरवलेली मर्यादा आठवड्यामागून आठवडे मोडत राहिली, तर कमी करणं तुमच्यासाठी पूर्ण सोडण्याहून अवघड आहे असं समजा आणि मग डॉक्टरच्या मदतीने पूर्ण थांबा.

आता जी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही ती लिहिते. तुम्हाला फोन हवाय कारण गावाला कळायला नको. भाऊ, गावाला माहीत आहे. ज्याच्याकडून पव्वा घेता त्याला माहीत आहे, पानठेल्यावाल्याला माहीत आहे, करीच्या दिवशी तुमच्या पोराचा हात धरून नेणाऱ्या काकाला माहीत आहे. गावाला जे माहीत नाही ते इतकंच, की तुम्हाला हे कमी करायचंय. पहिल्या दिवसांत फोनचा आडोसा चांगला आहे, त्याशिवाय तुम्ही ती चाचणी सोडवलीच नसती. पण आठही आठवडे एकट्याने, पांघरुणाखाली स्क्रीन पाहत काढू नका. एका माणसाला सांगा.

गोव्यात ‘संगत’ संस्थेने याच पायरीच्या, ऑडिटमध्ये १२ ते १९ गुण असलेल्या ३७७ पुरुषांवर एक अभ्यास केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिथे बोलणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात, जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी अशा बैठका मिळालेल्यांपैकी शंभरातले ३६ जण धोक्याच्या पायरीखाली आले. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी २६. माणसाने माणसाशी चार वेळा नीट बोलण्याने शंभरामागे दहा जण जास्त सुटले.

ते बोलणंही तोंड न दाखवता होतं. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६ ही वेगळी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. वावरात जाऊन फोन लावा. गडचिरोली जिल्ह्यातले कुणी वाचत असतील तर त्यांच्याकडे व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या ‘मुक्तिपथ’ची क्लिनिक तालुक्याच्या ठिकाणी आहेत. आणि ज्या कार्यक्रमात आधार नंबर मागतात, फोनमधले सगळे संपर्क वाचायची परवानगी मागतात किंवा शेवटी पावडर विकतात, तो लगेच बंद करा.

तुमच्या दुकानाबद्दल एक काळजी आहे. तुमच्या हाताशी कपाटभर विषारी औषधं आहेत. दारूच्या भरात माणूस असं करून बसतो जे शुद्धीत कधीच केलं नसतं. पिण्याच्या दिवशी दुकानाची किल्ली घरात दुसऱ्याकडे राहू द्या. मन कधी फारच खाली गेलं तर वही नको, अॅप नको, सरळ १४४१६ लावा किंवा बायकोला उठवा.

आणि हे पुढचं वहिनींना वाचायला द्या.

वहिनी, केंद्राचा तुमचा आग्रह चुकीचा नाही, पण भरती होण्याची गरज आहे का ते डॉक्टर तपासून सांगतील, आपण आधी ठरवू नये. भिंतीवर आणि मोबाइलवर ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती येतात. चहात, भाजीत काहीही मिसळू नका. अशा पावडरीत डायसल्फिराम हे औषध असेल आणि त्यावर ते दारू प्याले, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. डॉक्टर हे औषध देतात, पण माणसाला सगळं समजावून, त्याच्या होकारानंतरच. रात्री ते पिऊन आले तर तेव्हा काही बोलू नका, सकाळी बोला. वही पाहायची असेल तर आधी त्यांना विचारा. त्यांनी खरा आकडा दाखवला आणि त्यावर घरात महाभारत झालं, तर पुढच्या आठवड्यात खोटा आकडा लिहिला जाईल.

भाऊ, लवकरच सोयाबीन निघेल, लोक उधारी चुकती करतील, हातात रोख असेल आणि जो तो ‘बस ना’ म्हणेल. तुमचे सगळ्यात अवघड दिवस ते आहेत. म्हणून सोयाबीनची सोंगणी सुरू व्हायच्या आत कार्यक्रमाचे पहिले दोन आठवडे तरी झालेले असू द्या. चाचणी पुन्हा सोडवली की गुण मला लिहून पाठवा. तुमचं नाव इथे कधीच येणार नाही. दिवाळीनंतर वहीतले आठ आठवड्यांचे आकडे पाठवा, कमी झाले असतील तरी आणि वाढले असतील तरी.

तुमची ताई